पडून असलेल्या पेशंटची कातडी बरी होते आणि परत तिथेच लाल होते : आमचं नेमकं कुठे चुकत होतं

ज्यांच्या घरात कोणी पॅरालिसिसमधून, मोठ्या ऑपरेशनमधून किंवा आयसीयूतून घरी आलंय आणि अजून दिवसातला बराच वेळ अंथरुणावरच आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रॉब्लेम असा की माकडहाडापाशी कातडी लाल होते, आपण क्रीम लावतो, चार-पाच दिवसांत बरी दिसते, आपल्याला वाटतं सुटलो, आणि आठ-दहा दिवसांत परत तिथेच. आमच्याकडे हे चार महिन्यांत पाच वेळा झालं आणि पाचव्या वेळी कातडी फाटली.

अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७४, शुगर पंधरा वर्षांची. गेल्या फेब्रुवारीत स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. १९ दिवस हॉस्पिटल, त्यातले ११ आयसीयूत, आणि घरी आले तेव्हा नाकात नळी, लघवीची नळी, वजन ६२ वरून ५४. दिवसा ब्युरोचे मामा (पेशंट सांभाळायला येणारे), रात्री मी आणि माझे मिस्टर आलटून पालटून. आम्ही काही कमी करत नव्हतो हो, तरी होत होतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला दुखतंय की नाही हेसुद्धा आपल्याला कळत नाही, उजव्या बाजूला तर त्यांना स्पर्शच कमी कळायचा.

आमची चूक ही की प्रत्येक वेळी आम्ही एकच प्रश्न विचारत होतो, काय लावू? मेडिकलवाल्याला, शेजारच्या काकूंना, व्हॉट्सअपवर. शेवटी ड्रेसिंगला ज्या सिस्टर यायला लागल्या त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काय लावता ते राहू दे वहिनी, दिवसभर त्यांना कसं झोपवता ते दाखवा आधी." आणि मग कळलं की लाल दिसणाऱ्या गोष्टी चार वेगवेगळ्या असतात, दाब, घसरणं, ओल आणि फंगस, आणि चारहींचा उपाय वेगळा. एकाचा उपाय दुसऱ्याला केला की वरवर बरं दिसतं आणि कारण तसंच राहतं म्हणून परत येतं.

पहिल्यांदा बोटाची टेस्ट करा. लाल जागेवर बोट टेकवून चार-पाच सेकंद दाबायचं आणि सोडायचं. जागा पांढुरकी पडून परत लाल झाली तर रक्त अजून फिरतंय, दाब काढला की ती अर्ध्या-एक तासात निवळायला पाहिजे. दाबून पण तशीच लाल राहिली तर तो बेडसोर (पडून पडून दाबाने होणारी जखम) सुरू झालाय असंच धरा, कातडी अख्खी असली तरी. पण अण्णा सावळे आहेत, त्यांच्यावर लाल असं दिसतच नाही, आजूबाजूपेक्षा जरा काळपट-जांभळट दिसतं आणि पांढरं पडणं तर कळतच नाही. आमची पहिली दोन वेळ निव्वळ त्यातच गेली. अशा वेळी मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, हाताची मागची बाजू लावून ती जागा बाजूच्यापेक्षा गरम आहे का बघा, बोटाने चाचपून कडक लागते की उलट पिलपिलीत ते बघा. रंगापेक्षा हे जास्त भरवशाचं आहे.

आता जागा कुठली आहे ते बघा. बरोबर हाडावर, गोल आणि कडा स्पष्ट असतील, म्हणजे माकडहाड, खुबा, टाच, घोटा, खांद्याचं हाड, डोक्याची मागची बाजू, तर दाब. दोन्ही बाजूंना पसरलेलं, चकचकीत, ओलसर, कडा पुसट, घडीत आणि जांघेत शिरलेलं असेल तर लघवी-संडासच्या ओलीमुळे. आणि कडेने बारीक बारीक लाल पुरळ शिंपडल्यासारखे विखुरलेले असतील आणि खाज असेल (बोलता येत नसलं तरी पेशंटचा चांगला हात सारखा तिकडे जातो, लक्ष ठेवा) तर बहुतेक फंगस. बऱ्याच वेळा दोन गोष्टी एकत्र असतात, आमच्याकडे तीन होत्या.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवला पाहिजे आणि ज्याच्याबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं ते म्हणजे घसरणं. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळे सांगतात, आम्ही बदलतही होतो, कपाटावर कागद चिकटवला होता, ६ डावी, ८ पाठ, १० उजवी असा. तरी होतच होतं. सिस्टरनी काय केलं, त्यांनी अण्णांची पाठ बघायच्या आधी चादर बघितली. पायाकडच्या बाजूला, डावी टाच जिथे येते तिथे चादर एका पट्ट्यात विरून गेली होती, आरपार गादी दिसेल इतकी, आणि चादर जेमतेम दोन महिन्यांची. म्हणजे अण्णा दिवसभर खाली घसरत होते आणि चांगल्या पायाची टाच रोवून स्वतःला वर ढकलायचा प्रयत्न करत होते, सारखे, आणि आमच्या कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी त्या दिवशी ती चादर हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

होतं असं की फॉवलर कॉटचं (हॉस्पिटलसारखी, डोक्याची आणि गुडघ्याची बाजू वर करता येते ती) डोकं वर केलं की माणूस हळूहळू खाली सरकतो. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते पण आतलं हाड खाली जातं, त्यामुळे मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणतात, पिळल्यासारख्या होतात आणि रक्त बंद. नुसत्या दाबाने जेवढा वेळ लागेल त्यापेक्षा कमी वेळात जखम होते, आणि ती आतून, हाडाच्या बाजूने सुरू होते, वर दिसेपर्यंत आत पोकळी झालेली असू शकते. आमच्याकडे नळीतून फीड द्यायचा म्हणून डोकं वर, फीड झाल्यावर उलटी नको म्हणून वर, मग टीव्ही बघायला वर, असं करत दिवसातले सहा-सात तास ते अर्धवट बसलेले. हेतू चांगला होता पण माकडहाडाचं तेच नुकसान करत होतं.

यावर जे केलं ते असं. फीडच्या वेळी ४५ अंश आणि नंतर पाऊण-एक तास तसंच, कारण ते अन्न छातीत जाऊ नये म्हणून गरजेचंच आहे, त्यात काटछाट करू नका. पण तेवढा वेळ झाला की परत ३० किंवा त्याहून खाली. ३० अंश डोळ्याने कळत नाही, आपल्याला जे ३० वाटतं ते ५० निघतं, म्हणून मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजलं आणि कॉटच्या दांड्यावर लाल टेप मारला, मामा बदलले तरी टेप तिथेच. डोकं वर करायच्या आधी गुडघ्याकडची बाजू थोडी वर करायची, आधी गुडघे, मग डोकं, याने घसरणं निम्म्याने तरी कमी झालं. आणि खाली आलेल्या माणसाला काखेत हात घालून वर ओढायचं नाही, अजिबात नाही. आईंचं जुनं सुती लुगडं चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवं घातलं, दोन्ही बाजूंनी दोघांनी गुंडाळून मुठीत धरायचं, एक-दोन-तीन म्हणून उचलायचं आणि ठेवायचं, ओढायचं नाही. एकट्याला जमत नसेल तर थांबा, दुसरं माणूस येऊ द्या.

कूस बदलण्यात पण आम्ही चुकत होतो. पूर्ण कुशीवर, ९० अंशात झोपवलं की सगळं वजन खुब्यावर येतं आणि माकडहाड वाचवता वाचवता खुबा जातो. त्यापेक्षा पाठीमागे लांबट उशी देऊन ३० अंश तिरकं, गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. जमलं की नाही हे बघायची खूण सोपी आहे, तुमचा तळहात माकडहाडाखाली सहज सरकला पाहिजे. जी बाजू आत्ता लाल आहे तिच्यावर वेळ झाली तरी झोपवायचं नाही, चार्ट बाजूला ठेवा. टाचांसाठी पोटरीखाली उभी उशी, टाच हवेत, उशीच्या कडेच्या बाहेर, पण गुडघा ताठ लटकता ठेवू नका. खुर्चीत बसवलं तर सुरुवातीला तासाच्या आत परत झोपवायचं, आणि बसलेलं असताना दर १५-२० मिनिटांनी थोडं एका अंगावर कलवायचं, बसताना बुडाच्या हाडांवर झोपण्यापेक्षा जास्त दाब येतो हे लोक विसरतात.

एअर बेड, म्हणजे पंपाने फुगणारी हवेची गादी. घेतला म्हणजे काम झालं असं नाही, तो कूस बदलण्याच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला आहे. आमचा नीट चालू होता, घर्रघर्र आवाज येत होता, फुगे वरखाली होत होते. सिस्टरनी अण्णा झोपलेले असताना एअर बेडच्या खाली, कमरेखाली येईल असा हात घातला, तळवा वर करून, आणि मला पण घालायला लावला. माझ्या तळव्याला अण्णांचं हाड लागलं! म्हणजे मध्ये हवा नव्हतीच, ते खालच्या गादीवर टेकलेले होते. हाताला आणि अंगाला मध्ये साधारण इंचभर तरी फुगलेली हवा जाणवली पाहिजे. पंपाचा वजनाचा काटा कोणीतरी आवाज कमी व्हावा म्हणून अगदी खाली फिरवून ठेवला होता. आणि एअर बेडवर आम्ही काय काय घातलं होतं तर गोधडी, त्यावर रेक्झिन, त्यावर चादर, त्यावर अंडरपॅड, एवढ्या थरांवर झोपल्यावर एअर बेडचा काय उपयोग, आणि रेक्झिनने घाम वेगळाच. आता एक पातळ सुती चादर, सैल घातलेली, आणि गरज असेल तरच एक अंडरपॅड, बस. चादरीची सुरकुती आणि पोळीचा तुकडा, औषधाच्या पाकिटाचा कोपरा असलं काही अंगाखाली राहिलंय का हे प्रत्येक वेळी हात फिरवून बघा. लाईट गेली की काही बेड हळूहळू बसतात, तेव्हा त्याच्याखाली चांगली फोमची गादी ठेवा आणि लाईट जाताना वेळ लक्षात ठेवा, आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी हमखास जाते.

आता ओल. लघवीची नळी काढल्यावर डायपर सुरू झाले आणि तिसरी वेळ ती होती. लघवी आणि संडास एकत्र कातडीवर राहिले की ते फार वाईट, लघवीतून अमोनिया होतो, त्याने कातडीचा आम्लपणा जातो आणि संडासमधले पाचक रस जास्त जोरात काम करायला लागतात, म्हणजे अक्षरशः कातडी पचवायला लागतात. म्हणून संडास झाल्यावर डायपर बदलायला दहा मिनिटंही थांबायचं नाही. साबणाच्या वडीने दरवेळी घासू नका, कातडी मुळात थोडी आम्ल असते आणि वडीचा साबण चांगलाच अल्कली, दिवसात सहा वेळा धुतलं तर ती कोरडी पडून फुटणारच. अँटिसेप्टिक लिक्विड पाण्यात टाकणं पण बंद करा. कोमट पाणी, मऊ सुती फडकं, लागलंच तर सौम्य क्लीन्झर, आणि पुसायचं नाही, टिपायचं. मग झिंक ऑक्साईडचं क्रीम पातळ. लोक त्याचा जाड लेप देतात आणि दरवेळी खरवडून काढतात, त्या खरवडण्यानेच कातडी जाते, फक्त मळलेला वरचा थर काढा, खालचा राहू दे. पेट्रोलियम जेली जाड लावली तर डायपरला लागून त्याचं शोषणंच कमी होतं. रात्री डबल डायपर लावू नका. आणि दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा अर्धा तास डायपर उघडा ठेवून खाली सुती पंचा, हवा लागू द्या, पेशंटला चादरीचा आडोसा करून, त्याची पण लाज आहे ना.

जुलाब होत असतील तर कितीही क्रीम लावा, थांबणार नाही, जुलाबाचं कारण शोधायला डॉक्टरांनाच विचारा. आमच्याकडे फीड सिरिंजने ढकलून पाच मिनिटांत संपवत होते, तो सावकाश द्यायला लागल्यावर दोन दिवसांत फरक पडला.

फंगसचं सांगते कारण दुसऱ्या वेळी आम्ही तिथे फसलो. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, दोन दिवसांत लाली गायब, आम्ही खूष. दहाव्या दिवशी जांघेपर्यंत पसरलं. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉईड, अँटिबायोटिक आणि अँटिफंगल तिन्ही होतं. स्टिरॉईडने लाली दबते, फंगस आत मजेत वाढतो, वर कातडी पातळ होते, आणि ती तर आधीच नाजूक असते. स्टिरॉईडच्या बऱ्याच क्रीम प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नयेत असा सरकारी आदेश २०१८ सालीच निघालाय तरी सर्रास मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही लिहिलं असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. आम्हाला स्किनच्या डॉक्टरांनी साधं क्लोट्रिमाझोल दिलं, आणि लाली गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करायला लावलं. शुगर वाढलेली असेल तर फंगस परत परत येतो, ती तपासा.

जेवण. खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. कातडी भरून यायला प्रोटीन लागतं, आणि आम्ही आजारी माणूस म्हणून पेज, वरणाचं पाणी, ताक, नारळपाणी यावर ठेवलेलं. बेडसोर असलेल्या किंवा होऊ शकणाऱ्या पेशंटला दर किलो वजनामागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे ५४ किलोला दिवसाला ६८ ते ८१ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, ग्लासभर दुधात साधारण तेवढंच, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस. वरणाच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही, डाळ खाली राहते आणि पाणी आपण पेशंटला देतो! डाएटिशियनकडून हिशोब करून घेतला, घट्ट डाळ मिक्सरमधून काढून गाळून, दूध, अंडं, प्रोटीन पावडर. किडनीचा त्रास असेल तर मात्र स्वतःच्या मनाने प्रोटीन वाढवू नका, आधी डॉक्टर. महिनाभराने अण्णांची जखम जी गुलाबी, दाणेदार भरायला लागली ती यानंतरच, हे मी डोळ्याने बघितलंय.

आता ज्या गोष्टी घरोघरी करतात आणि ज्या आम्हीपण केल्या त्या बंद करा. गोल हवेची रिंग, तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचं रक्त उलट अडतं. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे, नको. लाल जागेवर तेलाने चोळून मालिश, नको, आतल्या नाजूक वाहिन्या तुटतात, बाकी पाठीला हलक्या हाताने मॉइश्चरायझर लावा हवं तर. स्पिरिट आणि टाल्कम पावडर, पूर्वी दवाखान्यातसुद्धा करायचे म्हणून आपल्या डोक्यात बसलंय, स्पिरिटने कातडी सुकते आणि पावडर घामात भिजून गोळ्या होऊन घासते. उघड्या जखमेवर हळद नको, बल्बचा शेक देऊन जखम वाळवायची नाही, जखम ओलसर राहिली तर लवकर भरते. स्वच्छ भरत असलेल्या जखमेला रोज हायड्रोजन पेरॉक्साईडने फसफसवू नका, नॉर्मल सलाईनने धुवा आणि डॉक्टर सांगतील ते ड्रेसिंग. चिकटपट्टी ओढून काढू नका, म्हाताऱ्या माणसाची कातडी पट्टीबरोबर येते, पाण्याने भिजवून, कातडी धरून सावकाश सोडवा. नळ्या पण बघा, नाकपुडीच्या कडेला नळी टेकते तिथे, ऑक्सिजनच्या दोरीने कानामागे, कंडोम कॅथेटरच्या (पुरुषांना बाहेरून लावतात त्या लघवीच्या नळीच्या) पट्टीखाली, तिथे पण असेच व्रण होतात आणि तिकडे कोणी बघत नाही.

फोटोवरून सल्ला घेत बसू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा जर ताप आला, वास यायला लागला, पू, कडेची लाली रोज पुढे सरकतेय, जागा काळी पडली, आत हाड किंवा पिवळट थर दिसला, किंवा पेशंट अचानक सुस्त किंवा भ्रमिष्ट झाला. शुगरवाल्यांनी तर अजून लवकर. टाचेवर कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली असेल तर घरी ओढून काढायची नाही, ती सर्जन ठरवतील.

अजून एक सांगायचंय. पाठ सोलली की भेटायला आलेले लोक म्हणतात, नीट बघत नाहीत वाटतं. मला आमच्याच नात्यातल्या एकीने अण्णांच्या समोर म्हटलं होतं आणि अण्णांना बोलता येत नाही पण ऐकू सगळं येतं, त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरून ठेवला होता. सुपरमॅनचं काम करणारे ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडून मानेखाली पांगळे झाले, त्यांना चोवीस तास नर्स होत्या, तरी २००४ मध्ये बेडसोरच्या इन्फेक्शनवर उपचार चालू असतानाच हृदय बंद पडून ते गेले. म्हणजे हे काळजी कमी पडल्यानेच होतं असं नाही, शरीर खचलेलं असतं, जोखीम खरोखर मोठी असते. ज्या घरात हे चाललंय तिथे जाऊन बोलू नका, एक रात्र जागायला जा, दोन वाजताची कूस तुम्ही बदला.

अण्णांची जखम भरायला अकरा आठवडे लागले. नळी निघाली, आता वरणभात कुस्करून खातात, धरून खुर्चीत बसतात. भरलेली जागा पहिल्यासारखी मजबूत होत नाही, तिथली कातडी आयुष्यभर कच्चीच, म्हणून रोज सकाळी आंघोळीच्या वेळी आणि रात्री टॉर्च लावून बघणं चालूच आहे. परवा रात्री डाव्या कोपरावर काळपट दिसलं, हाताला गरम लागलं. क्रीम शोधायच्या आधी मी खुर्चीचा हात बघितला, रेक्झिन एका ठिकाणी घासून पांढरं झालं होतं, आता ते चांगल्या हाताने रेटून स्वतः उठायचा प्रयत्न करतात ना, त्याची ती खूण. कोपराला मऊ कापडी बाही शिवली, खुर्चीच्या हातावर फोम बांधला, फिजिओंना सांगितलं की कोपर न टेकवता तळव्यावर जोर देऊन उठायला शिकवा. आज सकाळी गरमपणा गेलेला आहे.